अकरा वाजताची बशी

"आधी पाणी प्या."

बेकरीत चव बघायला कुणीही आलं की चाचांचं पहिलं वाक्य हे. स्टीलचा पेला काठोकाठ भरून पुढे यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोरच्याच्या हातावर कण पडायचा नाही. पोराच्या वाढदिवसाचा केक ठरवायला आलेला साहेब असो की दिवाळीत नानकटाईसाठी घरून पीठ-तूप घेऊन आलेली बाई, कुणालाही सूट नव्हती. "तोंडात आधीचं काय काय असतंय. चहा असतोय, तंबाखू असतीय, घरातलं भांडण असतंय. ते धुवून काढा, मग खावा, मग सांगा," असं म्हणायचे.

आणि माणूस खायला लागला की चाचा त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. गळ्याकडे बघायचे. घास सरळ खाली गेला तर माल चांगला. घास गळ्याशी जरा अडखळला, तर तो माणूस कितीही वाहवा करू दे, ट्रे मागे जायचा. "तोंडाला गोड बोलायची सवय असती, शेठ. गळ्याला नसती," हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर बारामतीतली निम्मी माणसं ओळखतील, आणि या हकिकतीत लाज वाटावी असं जे काही आहे ते माझं आहे, त्यांचं नाही. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. ते मला शेठ म्हणायचे, ते तेवढं खरं धरू नका. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान. नळ्या, फिल्टर, जोडण्या. माझ्याकडे रबराचा वास, त्यांच्याकडे खारीचा, आणि मधे एक वीतभर भिंत. बावीस वर्षं आम्ही असे शेजारी होतो.

चाचांच्या नाकाची तर बाजारात ख्याती होती. बाहेर बाजेवर डोळे मिटून पडलेले असायचे आणि तिथूनच भट्टीवरच्या कामगाराला सांगायचे, डावीकडचा ट्रे फिरव, कडेला लागतोय. तो खरोखरच लागत असायचा. एकदा माझी सांगवीची बहीण पोराला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आली. चाचांनी पुडा उघडलासुद्धा नाही. नुसता नाकाशी नेला आणि म्हणाले, "खवा परवाचा हाय, बाई. आजच्या आज संपवा." बहिणीला असा राग आला की ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी! आणि संध्याकाळी पेढे आंबले, ते वेगळंच.

पण चव चाचा एकट्याने ठरवत नसत. "नाक माझं, जीभ हिची," असं ते चाचींकडे हात करून म्हणायचे. दर घाण्यातला पहिला तुकडा चाची खायच्या, त्याही आधी पाणी पिऊन. त्यांनी मान हलवली की ट्रे काउंटरवर यायचा.

मग तो मोठा आजार आला, जो सगळीकडेच आला. चाची आठ दिवसांत गेल्या. चाचा पंधरा-वीस दिवस दवाखान्यात पडून होते, वाचले. मीही पडलो होतो. माझी छाती सुधारली, पण जाता जाता डॉक्टरांनी सांगितलं की शुगर लागली आहे, गोड बंद. चाचांचं काय गेलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. आपण विचारतो ते एवढंच, "आता बरं आहे ना?" त्यांनी बरं आहे म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांनी बेकरी उघडली आणि तेव्हापासून रोज अकरा वाजता माझ्या काउंटरवर बशी यायला लागली. निळ्या काठाची चिनी मातीची बशी, वर कागद झाकलेला, खाली त्या दिवशीचा तुकडा. कधी नानकटाई, कधी मावा केक, कधी नुसता पाव. चाचा स्वतः आणून ठेवायचे आणि भट्टी सोडून आलोय म्हणून लगेच परत जायचे. बाराला बशी न्यायला यायचे आणि दारातूनच विचारायचे, "सांगा."

मला वाटलं, एकटा पडलाय बिचारा, बायको गेली, कुणाला तरी खाऊ घालावंसं वाटत असेल. माझे डोळे भरून आले होते त्या पहिल्या बशीला. पण खाऊ कसा? आणि शुगर आहे हे सांगू कसं? माझी स्वाती तेव्हा लग्नाची. आमच्याकडे मुलगी बघायला येणारे आधी जमीन विचारतात, मग घराण्यातला आजार. चुलत्याला फिट येते एवढ्यावरून एक चांगलं स्थळ मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि बेकरी म्हणजे आमच्या ओळीचं वर्तमानपत्र. तिथे कानावर पडलेली गोष्ट पाव घेऊन घरोघर जायची. म्हणून मी घरात हिला सोडून कुणालाच कळू दिलं नाही.

आमच्या ओळीतली सहा दुकानं कमलमावशी झाडायच्या. पहिल्या दिवशी मी बशी हळूच त्यांच्याकडे सरकवली. पुढे पुढे त्या झाडण्याची वेळ अशी साधायच्या की बरोबर अकराला माझ्या दुकानात. फडताळाआड बसून खायच्या आणि मी न विचारता सांगायच्याही, कारण मावशींच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आज वेलदोडा नुसता नावाला हाय. आज तेल खवट मारतंय. मी हिशेबाच्या नाहीतर गिऱ्हाइकाच्या नादात असायचो, हं हं करायचो. बाराला चाचा आले की म्हणायचो, "छान."

दोन-अडीच वर्षं मी तो एकच शब्द रोज सांगितला.

मला कळायला हवं होतं. तुम्ही असता तर तुम्हाला कळलं असतं कदाचित. एकदा माझ्याकडे चहा आला, दूध नासकं होतं. मी पहिला घोट थुंकून टाकला. चाचांनी मात्र कप शेवटपर्यंत संपवला आणि बरा झालाय म्हणाले. ज्या माणसाने बंद पुड्यातला परवाचा खवा ओळखला होता, तो हा. मी मनात म्हटलं, काय सभ्य माणूस आहे!

पुढे स्वातीचं इंदापूरला जमलं. डाळिंबाची बाग, मुलगा शिकलेला, घर चांगलं. स्वातीच्या दोन मैत्रिणींनी डोक्यात भरवलं की स्टेजवर तीन थरांचा केक पाहिजेच. मी म्हणालो, हवाच असेल तर तो आमच्या चाचांचा. इंदापूरकरांनीही हौसेने हो म्हटलं, फक्त एक अट घातली. मुलाची आजी माळकरी, तेव्हा केकमध्ये अंडं नको.

चाचांनी जन्मात बिनअंड्याचा केक केला नव्हता. दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. चाचा बाजारात गेले आणि नवी पातेली, नवे साचे, नवी रवी घेऊन आले. जुन्या भांड्याला अंड्याचा अंश राहतो, माळकरी माणसाला फसवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ती भांडी त्यांनी वेगळ्या फळीवर स्वच्छ कापडात बांधून ठेवली. मग पंधरा दिवस रोज नवा घाणा. दही घालून बघ, सोडा वाढवून बघ, दूध आटवून बघ. आणि रोज अकराला माझ्याकडे बशी.

"शेठ, ह्यो पोरीचा केक हाय. नीट खाऊन सांगा," असं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बजावून सांगितलं. चेहरा ओढलेला होता. मला वाटलं झोप होत नसेल.

मावशी शेवटचे आठ दिवस सारख्या सांगत होत्या, "ह्याच्यात सोडा लई हाय वं. जीभ चरचरती माझी." मी काय म्हणालो ते लिहायलाही जड जातंय. मी म्हणालो, "मावशी, फुकटचं आहे, खा गप." आणि चाचांना सांगितलं, छान. सोडा जास्त आहे म्हणालो असतो तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, घास घेतल्याबरोबर लागतो का मागाहून, कडेला जास्त का मधे, आणि मी तिथेच पकडला गेलो असतो.

रविवारी दुपारी चव बघायला बोलावलं. मला वाटलं नवरामुलगा आणि त्याची आई येतील. इंदापूरहून गाडी भरून सहा जण उतरले. आमच्याकडून आम्ही तिघं, स्वातीच्या त्या दोन मैत्रिणी आणि पेढे न विसरलेली सांगवीची बहीण. बेकरीत बाकं दोनच. शेवटी माझ्या दुकानातली नळ्यांची भेंडोळी आणून त्यांवर पाहुणे बसवले. चाचांनी पांढरा सदरा घातला होता. स्वतःच्या हाताने बारा जणांना पाणी दिलं. बहीण म्हणाली, केक खायला बोलावलंय का उपास सोडायला, आणि सगळे हसले. चाचाही हसले.

आधी त्यांनी आजींना फळीपाशी नेऊन नवी भांडी दाखवली. आजींनी पातेल्यावरून हात फिरवला. "माझ्या माळंसाठी येवढं केलंसा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा चाचा लाजले.

मग तीन केक आले. अननस, बटरस्कॉच आणि केशर. दिसायला असे देखणे की मैत्रिणींनी आधी फोटो काढले. तुकडे वाटले गेले. नवरामुलगा म्हणाला, मस्त. त्याची आई म्हणाली, छान. मुलीकडच्यांसमोर नाव ठेवणार कोण? आणि आमच्या माणसांनी तर बोलायची सोयच नव्हती, आपणच आपली लाज काढल्यासारखं झालं असतं. हिने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. माझ्याही हातात बशी होती. बारा जणांसमोर नाही कसं म्हणणार? अडीच वर्षांत पहिल्यांदा मी चाचांच्या हातचं खाल्लं.

कडू. कडू आणि साबणासारखं बुळबुळीत. मावशींची ती चरचर माझ्या जिभेच्या टोकाला आली.

वर बघितलं तर चाचा गळे बघत होते. एकाचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. प्रत्येक घास अडत होता आणि प्रत्येक तोंड छान म्हणत होतं. चाचांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शेठ, तुमी सांगा."

आणि मी, अहो, तो घास तोंडात असताना, म्हणालो, "छान."

आजींनी हातातला तुकडा बशीत ठेवला. "दादा, राग मानू नगा. कडू हाय. सोडा लई झालाय ह्याला."

"कुठल्या केकात, आक्का?"

"तिन्हीत बी."

चाचांनी केशरी केकाचा तुकडा उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला. दुसरा खाल्ला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, पुठ्ठा खावा तसं चाललं होतं. मग ते आजींनाच म्हणाले, बाकीचे आम्ही जणू तिथे नव्हतोच. "आक्का, मला त्या आजारापासनं वास न्हाय, चव न्हाय. हाताला माप पाठ हाय, त्याच्यावर करतो. आन शेठ रोज खाऊन सांगतात, त्याच्यावर इकतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हाच सांगायचं होतं. चाचा, मी खातच नव्हतो, मला शुगर आहे. इतकी साधी दोन वाक्यं. पण समोर सहा इंदापूरकर बसलेले, आणि स्वातीचा हात तिच्या सासूच्या हातात. मी खाली मान घालून बशीतला तुकडा बोटाने कुस्करत राहिलो. चाचांनी सगळ्यांच्या बशा स्वतः गोळा केल्या आणि पाहुण्यांना खारी बांधून दिली.

पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. मुलाचे वडील आजींना म्हणाले, गोळी घेतली का, आज केक खाल्लायस. आणि मला हसून सांगायला लागले, "आमच्यात समद्यांस्नी शुगर हाय, व्याही. आईला, मला, थोरल्याला. डाळिंबापेक्षा शुगरंचं पीक जोरात." मी हसलो की काय केलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, बशी आली नाही. मावशी झाडू धरून उगाच दोनदा दारात डोकावल्या. मग मीच गेलो. चाचा ती नवी भांडी घासत होते. घासलेलीच होती, परत घासत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. शुगर, स्वातीचं स्थळ, बशी कोण खायचं ते.

चाचांनी हात धुतले. "मावशी खायची?"

"हो."

"मग मावशी काय म्हणायची?"

तेही सांगितलं. वेलदोडा, खवट तेल, आठ दिवसांची चरचर. मी काय उत्तर दिलं होतं ते मात्र गाळलं. चाचा बाजेवर बसले. बाहेर मावशी झाडत होत्या, त्यांच्या खराट्याचा आवाज आत येत होता.

"रोज माझ्या दारात झाडती ती," चाचा म्हणाले. "मी बी कधी तिला इचारलं न्हाय."

मी म्हणालो, चाचा, आता विचारू. मावशींनाच रोज देऊ. लग्नाला वीस दिवस आहेत, केक तुमचाच होणार. मी खूप बोललो. दोषी माणूस बोलतो तसं, न थांबता. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"शेठ, छान ऐकायला मी बशी आणत नव्हतो. छान म्हणणारी लई हायती. वाईट कवा म्हणताय, त्याची वाट बघायचो मी. रोज वाटायचं, आज म्हणतील. तुमी म्हणायचा न्हाय, मंग मला वाटायचं, मी अजून हाय." एवढं बोलून ते भांडी कापडात बांधायला लागले. "आदी हिची जीभ व्हती. मंग तुमची. आता तिसरी न्हाय मागत."

त्या दिवसापासून त्यांनी केक बंद केला. नानकटाईही बंद केली. महिनाभर बाहेरून आणलेली खारी आणि टोस्ट विकले, मग भट्टी विझवली आणि मुलाकडे सोलापूरला गेले. नव्या भांड्यांचं गाठोडं जाताना मावशींना देऊन गेले. मला काही देण्यासारखं नव्हतंच. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. भिंतीच्या पलीकडून कसलाच वास येत नाही. मावशी अजून अकराला येतात, मी त्यांना समोरून बिस्किटाचा पुडा आणून देतो, कसा आहे ते विचारतो आणि त्या सांगतात ते शेवटपर्यंत ऐकतो. या ऐकण्याचा आता कुणाला काही उपयोग नाही, हे मलाही कळतं.

सोलापूरला जाण्याआधी ते एका ठिकाणी मात्र आले होते. स्वातीच्या लग्नाला.

येतील असं मला वाटलं नव्हतं. इंदापूरच्या कार्यालयात, शेवटच्या रांगेत, तोच पांढरा सदरा घालून एकटेच बसले होते. स्टेजवर पुण्याहून मागवलेला तीन थरांचा केक कापला गेला, टाळ्या झाल्या. आजींनी स्टेजवरून कुणाला तरी पाठवून चाचांना पुढे बोलावलं, ते आले नाहीत, तिथूनच हात जोडले. मी एका बशीत तुकडा घेतला आणि त्यांच्याकडे गेलो. वाटेत वाटलं, परत फिरावं. ज्याच्या हातचा केक माझ्या एका शब्दाने गेला, त्याच्यापुढे दुसऱ्याचा केक धरायचा म्हणजे काय. पण लग्नघरातलं गोड त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवणं मला जमेना.

चाचांनी बशीकडे बघितलं. "आधी पाणी," म्हणाले.

मी पळत जाऊन पाणी आणलं. त्यांनी पेला पूर्ण संपवला, तोंड पुसलं, आणि केक खाल्ला. घाई न करता, एकेक घास, डोळे मिटून. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. प्रत्येक घास सरळ खाली गेला. जाणारच, त्यांना दगड आणि साखर एकच होती. शेवटचा घास गिळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं, "सांगा."

"छान हाय, शेठ," चाचा म्हणाले, आणि रिकामी बशी माझ्या हातात दिली.